ग्रहणात विळी धरली म्हणून नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत बारसं होतं. माझी लेक तिच्या सव्वातीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन गेली होती. भरल्या घरात एका वयस्कर बाईंनी तिला विचारलं, "पोटात असताना गिराणात काय चिरलीस काय गं?" बाईंच्या मनात वाईट नव्हतं. लेक तिथं काही बोलली नाही, घरी येऊन रडली. मी ३१ वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, त्यामुळं उत्तर देणं माझ्याकडं लागतं.

नात दीड वर्षाची होईपर्यंत 'आज्जा', 'पाणी', 'काऊ' म्हणायची. मग एकेक शब्द गेला. हातातला खाऊ सुटू लागला. दोन्ही हात छातीशी धरून ती सतत चोळू लागली, धुतल्यासारखे. याला रेट सिंड्रोम म्हणतात. व्हिएन्नाच्या डॉ. आंद्रेयास रेट यांनी १९६६ साली त्याचं वर्णन केलं. सुमारे दहा हजार मुलींमागे एकीला तो होतो.

बेळगावच्या वडगाव-खासबागेत, विणकरांच्या वस्तीत, ज्यांनी मागासाठी कांड्या भरल्या आहेत, त्यांना यामागचं कारण लवकर कळेल. आपल्या एकेका पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा असतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या कांड्यांवर गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोनची एक कांडी, तिच्यावर जेमतेम पावणेदोन वेढे. धागा आणि त्याला धरून बसलेली प्रथिनं मिळून क्रोमॅटिन होतं. धागा मेंदूत तोच आणि यकृतातही तोच. फरक पडतो तो कुठला भाग सैल सोडायचा आणि कुठला आवळायचा, यानं. सैल भागातली जनुकं वाचली जातात, आवळलेली गप्प राहतात. हे काम करणाऱ्या प्रथिनांतलं एक एमईसीपी-२. ते डीएनएवरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा ओळखून तिथं बसतं आणि धागा आवळणाऱ्या इतर प्रथिनांना बोलावून घेतं. मेंदूच्या पेशींत ते भरपूर लागतं, म्हणूनच ते बिघडलं की मेंदू अडतो. आणि मोजमाप इतकं नाजूक, की हेच प्रथिन दुप्पट झालं तरी वेगळा गंभीर आजार होतो, तो बहुधा मुलग्यांना. मुलांच्या मेंदूच्या एका घातक गाठीत तर खुद्द हिस्टोनचंच जनुक बदललेलं असतं, हे २०१२ मध्ये उघड झालं.

एमईसीपी-२ आणि रेट यांचा संबंध १९९९ साली डॉ. हुदा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेत सापडला. या प्रथिनाच्या जनुकातला हा बदल बहुतेक वेळा आईवडिलांच्या रक्तात नसतोच. तो नव्यानं घडतो, बहुधा वडिलांचं बीज तयार होताना धाग्याची नक्कल उतरवण्यात एक अक्षर चुकून. म्हणून आता बापाला बोल लावायला कुणी धावू नये. ग्रहण, विळी, दृष्ट, सुनेचा पायगुण, यांतलं काहीही त्या पेशीपर्यंत पोचत नाही.

तपासणीचा अहवाल आला तो इंग्रजीत. डॉक्टरांनी पाच मिनिटं दिली. "माझ्याकडनं आलंय काय?" हा लेकीचा एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर तिला कळेल अशा भाषेत त्या दिवशी कुणी दिलं नाही. पाट्यांवर मराठी की कन्नड, हा वाद आपल्या भागाला नवा नाही, तो मला इथं काढायचा नाही. पण जनुकांचा अहवाल बेळगाव, खानापूर, निपाणीच्या आईला मराठीत आणि शेजारच्या कन्नड आईला कन्नडमध्ये समजावून सांगणारं माणूस जिल्ह्याच्या दवाखान्यात हवं. पुढच्या बाळाला धोका किती, हेही तिथंच सांगता येईल; बहुतेक घरांत तो फार थोडा असतो. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना एवढं तरी शिकवावं, की आलेले शब्द गेले आणि हात चोळणं सुरू झालं तर 'मुलं उशिरा बोलतात' म्हणून थांबायचं नाही.

उपाय अजून पुरा नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत ट्रोफिनेटाइड या औषधाला मान्यता मिळाली; त्यानं काही लक्षणं हलकी होतात, जनुक दुरुस्त होत नाही. मात्र २००७ साली शास्त्रज्ञ एड्रियन बर्ड यांच्या गटानं उंदरांत हे प्रथिन पुन्हा चालू केलं, तेव्हा आजारी उंदीर सुधारले. म्हणजे पेशी मेलेल्या नसतात. ही गोष्ट मी लेकीला तीनदा सांगितली, तिसऱ्यांदा तिनं वहीत लिहून घेतली.

आपण जागा दिलीत तर या आजाराची लक्षणं सांगणारी सोपी चौकट मी लिहून देईन. छापण्याआधी ती मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. नात सध्या डोळ्यांनी बोलते. पाणी हवं असलं की तांब्याकडं बघते आणि मग माझ्याकडं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, खानापूर
(कृपया नाव छापू नये.)