लेकीच्या बाळंतपणाला म्युनिकला जाताना

इंदूर
16 जानेवारी 2026

प्रिय अरविंद,

सप्रेम नमस्कार. तिळगूळ घे, गोड बोल. परवा फोनवर तू म्युनिकच्या प्रवासाबद्दल एका दमात इतके प्रश्न विचारलेस की मी "सगळं लिहून पाठवतो" म्हणून सुटका करून घेतली. चिनू आई होणार हे ऐकून आमच्याकडे सगळेच खूश आहेत. हिने तर दुपट्यांसाठी मऊ जुन्या साड्या कपाटातून काढूनही ठेवल्या.

आता मुद्द्याचं. तिथे ग्वाल्हेरला लष्कर भागात तुझं काही अडलं तर तू कुणाला तरी फोन लावतोस आणि काम होतं. महाराज बाड्यावर उभा राहिलास तर चार माणसं नमस्कार करतात. तिकडे चिनू आणि जावईबापू सोडले तर तुला ओळखणारं कुणी नाही, आणि विमानतळावरच्या खिडकीशी तर तेही नसणार. तिथे जे काही बोलायचं ते तुझ्या हातातला कागद बोलणार. म्हणून आधी कागदांचं सांगतो, वहिनींच्या डब्यांचं नंतर.

सगळ्यात पहिलं, वहिनींचा पासपोर्ट काढून नाव बघ. आपल्याकडे लग्नात पहिलं नावसुद्धा बदलायची रीत, मग आधारवर सासरचं नाव, बँकेत तिसरंच, आणि मधे नवऱ्याचं नाव कुठे आहे तर कुठे नाही. पासपोर्टवर जे आहे तेच अक्षरन्‌अक्षर तिकिटावर, विम्यावर आणि चिनू पाठवेल त्या निमंत्रणावर आलं पाहिजे. बाकी कागदांवर वेगळं नाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि त्याची इंग्रजी प्रत सोबत असू दे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परत निघायच्या तारखेपुढे निदान तीन महिने चालणारा हवा, आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. तुझा जुना झालाय असं मला अंधुक आठवतं. आजच बघ.

व्हिसा शेंगेनचा. युरोपातल्या 29 देशांना एकच चालतो, पण तुम्ही जर्मनीतच राहणार म्हणून अर्ज जर्मनीचाच. नियम असा की कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. पोचण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस, दोन्ही मोजायचे. म्हणजे 25 एप्रिलला उतरलात तर 23 जुलैला बाहेर. "तीन महिने" म्हणून 25 जुलैचं तिकीट काढलंस तर दोन दिवस बेकायदा राहिल्यासारखं होईल, आणि ते लपत नाही. गेल्या ऑक्टोबरपासून त्यांनी सीमेवर शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद ठेवायला सुरुवात केली आहे, आणि तुम्ही जाईपर्यंत ती सगळीकडे लागू झालेली असेल. दिवस यंत्र मोजतं, तिथे साहेबाला हात जोडून उपयोग नाही.

म्हणून तारखा डोकं लावून ठरवा. डॉक्टरांनी 10 मे दिली आहे ना? वहिनींना वाटतंय की महिनाभर आधीच जावं. मला नाही पटत. आधीचे दिवस चिनू स्वतः हिंडती-फिरती असते. खरी गरज बाळ घरी आल्यावर. आजकाल नवऱ्यालाही थोडी रजा मिळते, पण ती संपली की चिनू एकटी पडते. एप्रिलच्या शेवटी जा आणि नंतरचे अडीच महिने हाताशी ठेवा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो, पण खरी अडचण भेटीची वेळ मिळण्याची. उन्हाळ्यात सगळ्या भारतातले आई-बाप निघतात. बोटांचे ठसे द्यायला दोघांना दिल्लीला जावं लागेल. तुम्हाला सकाळच्या गाडीने ते सोपं आहे. फी माणशी 90 युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. "व्हिसा नक्की करून देतो" म्हणणारा एजंट भेटेल, त्याला चहा पाजून घरी पाठव. मंजुरी देणं वकिलातीच्या हातात आहे, एजंटच्या नाही. चिनूला मात्र आत्ताच सांग: तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीतून यजमानाचं हमीपत्र मिळतं, ज्यात तुमच्या खर्चाची जबाबदारी ती घेते. त्याचं जर्मन नाव एका श्वासात म्हणता येत नाही, पण तिला कळेल. ते जोडलं की तुझ्या पेन्शनच्या आकड्यांवर फार घोळ होत नाही.

विमा किमान 30,000 युरोंचा लागतो, हे सगळे सांगतात. न सांगितली जाणारी गोष्ट ही की स्वस्त पॉलिसीत आधीपासूनचे आजार बहुतेक वगळलेले असतात. तुझी साखर आणि वहिनींचं ब्लडप्रेशर दोन्ही फॉर्मवर खरं लिहा आणि त्या आजारांमुळे एकाएकी काही झालं तर किती देतात ते पान वाचून मगच पैसे भर. चार हजार वाचवायच्या नादात पडू नकोस. तिकडे दवाखान्याची एक रात्र म्हणजे आपल्याकडची छोटी गाडी.

औषधांचं नीट ऐक. पूर्ण नव्वद दिवसांची न्या, मूळ पाकिटांत, सुटी करून डबीत भरलेली नाहीत. डॉक्टरकडून इंग्रजीत चिठ्ठी घे आणि त्यात गोळीचं कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव लिहून घे. "सकाळची गुलाबी गोळी" जर्मन डॉक्टरला कळत नाही आणि आपला ब्रँड त्याने ऐकलेला नसतो. तुझं इन्सुलिन हातातल्या बॅगेत. खाली सामानात गोठून वाया जाऊ शकतं. अँटिबायोटिक तिथे चिठ्ठीशिवाय कुणी देत नाही, साधी पॅरासिटामॉलसुद्धा औषधाच्याच दुकानात, लाल रंगाच्या मोठ्या "ए" अक्षराच्या पाटीखाली, आणि रविवारी त्यातलं एखादंच पाळीने उघडं. रात्री-बेरात्री ताप आला तर 116117 वर डॉक्टर सांगतात, जीवावरचं असेल तर 112. हे दोन आकडे आणि चिनूचा पत्ता एका कार्डावर लिहून दोघांच्या खिशात ठेव. मोबाइल बंद पडल्यावर तेच कार्ड कामाचं.

आता डबे. वहिनी डिंकाचे लाडू करणार हे मी न विचारताही सांगतो. अरे, त्या लाडवांत तीन भानगडी आहेत. एक, तूप. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला मनाई आहे. पेढे, बर्फी, पनीर, तूप, सगळं त्यात आलं. दोन, खोबरं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमान कंपन्या पेट घेऊ शकणारा माल म्हणून नाकारतात. तीन, खसखस, आणि ही सगळ्यात वाईट. जर्मनीत खसखशीचा केक बेकरीत उघड्यावर मिळतो, चिनूने खाल्लाही असेल. पण दुबईमार्गे तिकीट स्वस्त आहे म्हणालास ना? संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या नियमात येते, आणि तिच्यापायी लोक तुरुंगात गेले आहेत. आपण मंदसौर-नीमचच्या शेजारचे, आपल्याला खसखस म्हणजे अनारशाला लावायची वस्तू. तिकडच्या अधिकाऱ्याला ती अफूची बी दिसते. म्हणून खसखस घरीच ठेवा, खालच्या सामानातही नको.

उपाय सोपा आहे. डिंक, खारीक, मेथी, अळीव, सुंठ कोरडं न्या, पाकिटबंद आणि वर इंग्रजीत नाव असलेलं. तिकडचं लोणी चांगलं असतं, वहिनी तिथेच कढवून तूप करतील आणि लाडू वळतील. घर तुपाने दरवळलं की चिनूला अर्धं माहेर तिथेच मिळेल. जर्मन शेजाऱ्यांसाठी मुरैन्याची गजक न्या. तीळ आणि गूळ, दूध नाही, मोडली तरी चव तीच. फक्त तुपातली नसल्याचं विचारून घे.

तिकिटाबद्दल माझं मत: दिल्ली-म्युनिक थेट घे. दोघांची वयं आणि वहिनींचे गुडघे बघता चार-सहा हजारांसाठी अर्ध्या रात्री दुसऱ्या विमानतळावर चालणं मला पटत नाही. मधे थांबा घेतलाच तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू दे, म्हणजे सामान शेवटपर्यंत जातं आणि पहिलं विमान चुकलं तर पुढची सोय तेच करतात. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेव. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, आणि हातातल्या बॅगेत 100 मिलीलिटरपेक्षा मोठी बाटली नको, म्हणजे लोणच्याची बरणी खाली, तीही चार पिशव्यांत गुंडाळून.

पैशाचं थोडक्यात. थोडे युरो रोख ने, तिकडे छोट्या दुकानांत नोटाच चालतात. कार्डावर परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून आपण सुरू केल्याशिवाय चालत नाही, ते इथेच करून घे. मशीन "रुपयांत घेऊ की युरोत" विचारेल तेव्हा युरो दाब. रुपये दाबलेस की त्यांच्या मनाचा दर लागतो. भारतातला नंबर रोमिंगवर चालू ठेव, नाहीतर पेन्शनच्या खात्याचा ओटीपी यायचा कुठे?

घरात राहण्याचं सांगतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथल्या घरांत छतावर धूर ओळखणारी यंत्रं असतात. मोहरी-मिरचीची खमंग फोडणी पडली की ती किंचाळतात. खिडकी आधी उघडायची, मग फोडणी. आणि शेगडी? वहिनींच्या मनात बाळ-बाळंतिणीला ओवा-बाळंतशेपांची धुरी असणार. फ्लॅटमध्ये निखारे पेटवायचे नाहीत, हे इथूनच समजावून ने. तिथे बाळंतपणानंतर सुईण घरी येते, विम्याच्या खर्चाने, सुरुवातीला जवळजवळ रोज. शिकलेली, अनुभवी बाई असते. बाळाचं वजन, नाळ, अंगावरचं दूध सगळं ती बघते. तिच्याशी वहिनींनी मैत्री करावी. बाळाच्या जिभेवर मध लावायचा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून जंतुबाधा होऊ शकते, हे आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही सांगतात. गुटी नको, काजळ नको. तेल-मालीश मात्र खुशाल करा, सुईणही आडवी येणार नाही. बाळाला थंडीतही बाबागाडीत घालून हिंडवतात, तेव्हा "सर्दी होईल" म्हणून चिनूच्या मागे लागू नका. आणि दवाखान्यातून कारने आणायचं तर बाळाचं वेगळं आसन लागतं, मांडीवर घेऊन नेता येत नाही.

रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर आवाज नाही. मिक्सर, ठोकाठोक, मोठ्याने फोनवर बोलणं, सगळं बंद. तुझा फोनवरचा आवाज मला इंदुरात फोनशिवाय ऐकू येतो, म्हणून सांगतोय. रविवारी दुकानंही बंद, किराणा शनिवारी भरून ठेवायचा. कुकर न्यायचा तर इंडक्शनवर चालणारा स्टीलचा. ॲल्युमिनियमचा तापतच नाही. एक प्लास्टिकचं टमरेल सामानात टाका, का ते विचारू नकोस. कचऱ्याबद्दल मात्र इंदूरकर म्हणून कॉलर ताठ करून सांगतो की ओला-सुका वेगळा करणं आपल्याला कुणी शिकवायला नको. तुम्हा ग्वाल्हेरकरांनी दोन दिवस सराव करून जावं. पाण्याची रिकामी बाटली फेकू नकोस, दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की 25 सेंट परत मिळतात. नळाचं पाणी तसंच प्यायला चालतं.

आणि रोज तासभर तू एकटा बाहेर पड. हे वहिनींना वाचून दाखवू नकोस. छोट्या घरात सासरा दिवसभर सोफ्यावर बसून असला की जावई बिचारा स्वतःच्याच घरात पाहुणा होतो. ट्रामने हिंड. तिकीट काढल्यावर ज्या तिकिटावर शिक्का मारायचा असतो तो मशीनमध्ये मारून घे. न मारलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड 60 युरो, आणि "मला माहीत नव्हतं" चालत नाही. पासपोर्ट रोज घेऊन फिरू नकोस, घरी कुलपात ठेव, खिशात त्याची झेरॉक्स. तो हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारताचं वाणिज्य दूतावास. म्युनिकमध्येच आहे, बर्लिनला जावं लागत नाही.

बाकी चपला-मोजे, स्वेटर वगैरे चिनू सांगेलच, ते तिला विचार. मेमध्येही सकाळ-संध्याकाळ गार असतं, एवढंच.

दिल्लीची भेटीची वेळ मिळाली की लगेच कळव. अर्ज पाठवण्याआधी भरलेला फॉर्म मला व्हॉट्सॲपवर टाक, नावं मी एकदा नजरेखालून घालतो. वहिनींना नमस्कार, चिनूला आशीर्वाद.

तुझा,
सुधीर