यंदा गड्ड्याला मी नसेन

ती. आई-अप्पांना,
शि. सा. न.

फोनवर सांगायला घेतलं की आई गप्प होते आणि अप्पा "बरं, बरं" म्हणून विषय बदलतात, म्हणून लिहूनच कळवते. यंदा संक्रांतीला, सिद्धेश्वरांच्या गड्डा जत्रेला, मी सोलापूरला येत नाही. जानेवारीतल्या सुट्टीत मी ला गोमेरा नावाच्या बेटावर जाणार आहे. तिकिटं काढून झाली, खोली ठरली. दादाच्या तोंडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं असं वाटलं.

ऑफिसातलं वर्षअखेरीचं काम उरकल्यावर जी थोडी रजा मिळते, तेवढ्यात घरी यायचं तर निम्मी प्रवासातच जाते. दरवेळी तसंच होतं. आले म्हणेपर्यंत निघायची वेळ होते, आई डबे भरत बसते आणि अप्पांशी धड बोलणं होत नाही. म्हणून गुढीपाडव्याची मोठी रजा आत्ताच मंजूर करून घेतली आहे. तेव्हा निवांत राहीन. आणि मागच्या दिवाळीनंतर जे झालं, त्यानंतर मला थोडं एकटीनं चालायचं आहे. आई, तू समजशील. मी बरी आहे, वेगळं काही मनात आणू नकोस.

अप्पा, नकाशात बघायचं असेल तर आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर अटलांटिकमध्ये कॅनरी बेटं दिसतील. देश स्पेनचा. इथून विमानानं तेनेरिफे आणि तिथून बोटीनं तासाभरात ला गोमेरा. बोट लागते ते सान सेबास्तियान बंदर, 1492 मध्ये अटलांटिक ओलांडण्याआधी कोलंबस इथेच थांबला होता. बेटाच्या मधोमध गाराहोनाय राष्ट्रीय उद्यान आहे. 1981 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1986 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं. तिथे सदाहरित जंगल आहे. असली जंगलं लाखो वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राभोवती होती. हवामान बदलत गेलं तशी ती तिकडून गेली, या बेटांवर मात्र टिकली. आई, तुझ्या काळ्या मसाल्यातलं तमालपत्र आणि दालचिनी ज्या कुळातली, त्याच कुळातली तिथली मुख्य झाडं आहेत.

पण मला ओढ आहे ती धुक्याची. ईशान्येकडून समुद्रावरचा ओला वारा येतो, डोंगराला अडतो, वर चढता चढता गार होतो आणि त्याचा ढग होऊन जंगलातून सरकत राहतो. पाऊस नसला तरी पानं आणि फांद्यांवरचं शेवाळ त्या ढगातलं पाणी धरतात आणि ते थेंबथेंब खाली गळतं. तेच मुरून झरे चालतात. एल सेद्रोचा ओढा त्यामुळे बारमाही वाहतो. त्याच बेटाची दक्षिण बाजू मात्र रखरखीत आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपल्या पाण्याच्या रात्री आठवल्या. चार दिवसांआड नळ यायचा, अप्पा "उठा, पाणी आलं" म्हणून हाक मारायचे, मी हौदाशी पाइप धरून उभ्या उभ्या झोपायची आणि आई मला उचलून आत नेऊन टाकायची. सकाळी उठून बघावं तर घागरी, पिंपं, पातेली सगळी भरलेली असायची. तुम्ही दोघं कधी झोपलात ते मला कधी कळलंच नाही. झाड धुक्यातून पाणी काढतं, हे सोलापूरच्या पोरीनं डोळ्यांनी बघायलाच हवं ना?

आणि अप्पा, हे वेड मला तुमच्याकडूनच आलंय. पहाटे स्कूटरवर पुढे उभं करून नान्नजला न्यायचात, गवतात तासन्‌तास बसवायचात, खोकला आला तरी तोंड दाबायला लावायचात. लांबून एक माळढोक दिसला की घरी येईपर्यंत तुमचं बोलणं थांबायचं नाही. ला गोमेराच्या जंगलात दोन जातींची कबुतरं आहेत, ती कॅनरी बेटं सोडून जगात कुठे नाहीत. दिसली तर आधी तुम्हालाच कळवीन.

आता काळजीचं. बेटावरचं सगळ्यात उंच टोक 1487 मीटर आहे, आपल्या कळसूबाईहून कमी. त्याच्या जवळपर्यंत डांबरी रस्ता जातो. मी कोन्तादेरोपासून उतरत एल सेद्रोपर्यंत चालणार आहे. वाट आखलेली आहे, फाट्याफाट्यावर पाट्या आहेत, बरीच माणसं चालत असतात. पहिल्या दिवशी वाटाड्या बरोबर असेल. बिबट्या, अस्वल काही नाही, विषारी सापही नाहीत. अडचण आली तर 112 ला फोन करायचा. शेवाळावर पाय घसरू नये म्हणून चांगले बूट घेतलेत, रेनकोट आहे, आईनं विणलेला स्वेटर आतून घालणार आहे. खोलीत गरम पाणी आहे, पांघरायला आपली सोलापुरी चादर नेतेय. खाण्याचं म्हणाल तर तिथे गोफिओ म्हणून मका किंवा गहू भाजून दळलेलं पीठ खातात, आपल्या सातूच्या पिठासारखं. उकडलेले बटाटे आणि चटणी सगळीकडे मिळते. उपाशी राहणार नाही.

एक गंमत सांगायची राहिली. त्या बेटावरची माणसं शीळ घालून बोलतात. दऱ्या इतक्या खोल की चालत जाऊन निरोप द्यायचा तर अर्धा दिवस जाईल, म्हणून एका अंगावरून दुसऱ्या अंगाला शिळेतच पूर्ण वाक्यं सांगायची. 1999 पासून शाळेत मुलांना हे शिकवतात, 2009 मध्ये युनेस्कोनं त्याचीही नोंद घेतली. अप्पा, तुम्ही गच्चीवरून शीळ घालायचात आणि आम्ही मैदानावरचा खेळ टाकून पळत यायचो, ती मला अजून शंभर आवाजांत ओळखू येईल. तिथली शीळ रेकॉर्ड करून पाठवते. तुम्हीही तुमची करून पाठवा. खरंच पाठवा.

आता मी सांगते ते दोघांनी ऐकायचं. अप्पा, अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकाला यंदा पूर्ण वाट चालायची नाही. दादा गाडीनं सोडेल तिथून दर्शन घ्या. सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षतेला सम्मती कट्ट्यापाशी लवकर जाऊन खुर्चीवर बसा, गर्दीत उभं राहायचं नाही. बाराबंदी नेहमीसारखी कडक इस्त्रीची घाला, फोटो मला लगेच हवा. मिरवणुकीत नंदीध्वज पेलायला हात पुढे करू नका. रागावू नका अप्पा. तुमच्याच्यानं होत नाही असं मी म्हणत नाही. तुम्ही पेलत होतात तेव्हा आख्खी गल्ली बघत राहायची, मीही आईच्या कडेवरून बघितलंय. पण डॉक्टर गुडघ्याबद्दल काय म्हणाले ते मी समोर बसून ऐकलंय.

आई, पाणी आलं की बादल्या उचलायच्या नाहीत. मोटर त्याचसाठी बसवली आहे, बटण दाबायचं आणि बसायचं. तिळगूळ सगळ्यांना वाट, तू एकच खा. गड्ड्यावरून भजी आणली तर अप्पांना दोनच दे. बीपीचं मशीन कपाटात कुलपात ठेवू नकोस, रोज सकाळचा आकडा ग्रुपवर टाक. मनात काही राहिलं असेल, मी येत नाही याचं वाईट वाटलं असेल, तर तेही सांग. गप्प बसू नकोस, मला तेच सहन होत नाही.

मी रोज तिथल्या सकाळी आठला फोन करीन, म्हणजे आपल्याकडे दुपारचा दीड. तोवर तुमची जेवणं झालेली असू देत. जंगलात रेंज नसेल, तेव्हा त्यानंतर फोन लागला नाही तर घाबरायचं नाही आणि रात्री-अपरात्री दादाला उठवायचं नाही.

तुमची,
गौरी

ता. क. शेंगाचटणी अर्धा डबा शिल्लक आहे, तीच नेतेय. आई, नवीन कुटून पाठवायची घाई करू नकोस. हाताला पट्टी बांधलीय ना अजून? पाडव्याला आले की मीच कुटते.