करवतीची मूठ आधी हाताला बसावी, नक्षी मग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारासह १८ व्यवसायांतील कारागिरांना अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते, शिवाय पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण मिळते. त्यातला एक दिवस करवतीची मूठ घडवायला द्यावा, एवढ्यासाठी हे पत्र. दुकानातल्या करवतीला मूठ एकाच मापाची येते, बहुधा प्लॅस्टिकची. घामाने ती सटकते, तळहाताला फोड येतात. हौशी पोरे लाकडी मूठ करायला बसतात खरी, पण मोबाइलवर पाहून आधी नक्षीलाच हात घालतात. मग भिंतीवर टांगायला बरी आणि कापायला कुचकामी अशी मूठ होते.

लाकडासाठी जंगलाकडे बघायची गरज नाही. आरा मशीनवर तुकडे पडलेलेच असतात. १६ सेंमी लांब, १३ सेंमी रुंद, २५ मिमी जाड तुकडा पुरतो. रंधा मारून तो २२ मिमीवर आणावा. शिसव सगळ्यांत चांगले, त्यात नक्षीची कड तीक्ष्ण राहते. सागवान ऋतूप्रमाणे कमी फुगते-आकसते, पण लाकडाच्या धाग्यांच्या रेषेवर चटकन चिरते, आणि त्यातल्या सिलिकामुळे पटाशीची धार लवकर जाते. धुऱ्यावरची बाभूळ चिवट, मात्र बारीक नक्षी तीत उठत नाही. तिचा बाहेरचा फिकट भाग काढून टाकावा, किडा तिथूनच लागतो. ओले लाकूड कुठलेच नको.

पुठ्ठ्याचा फर्मा, म्हणजे मुठीच्या आकाराचा नमुना, आधी कापावा. जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठाही चालतो. करवत धरताना तर्जनी पात्याच्या दिशेने बाहेर राहते, मुठीत तीनच बोटे जातात. म्हणून बोटे जायच्या भोकाची उंची तीन बोटांची रुंदी अधिक एक सेंटिमीटर. चार बोटांचे भोक केले की मनगट डुलते आणि काप तिरपा जातो. फर्मा लाकडावर ठेवताना रेषा कुठून कुठे जातात ते बघावे. पाते बसते तो भाग आणि पकड यांना जोडणारी मान सर्वांत अरुंद असते. रेषा मानेच्या लांबीने गेल्या पाहिजेत. आडव्या गेल्या, तर करवत लाकडात अडकली की पहिल्या झटक्याला मूठ तिथेच तुटते. असे केले की पकडीचे वरचे आणि खालचे शिंग, म्हणजे बाहेर आलेले टोक, आपोआप आडव्या रेषांचे होते, त्याला इलाज नाही. शिंगे बुडाशी जाड ठेवावीत. ती शोभेची नाहीत: खालचे शिंग करवत मागे ओढताना हात अडवते, वरचे अंगठ्याच्या बेचक्यावर बसते. आपल्याकडच्या जुन्या करवती ओढताना कापत. तशा करवतीला खालचे शिंग जास्तच भक्कम हवे.

यानंतरची चूक सर्रास होते. आकार कापून, कडा गोल करून झाल्यावर पात्याची खाच पाडायला घेतात. तेव्हा धरायला सपाट बाजू उरलेलीच नसते आणि खाच वाकडी जाते. खाच आणि बोल्टची भोके ठोकळा चौकोनी असतानाच करावीत. कडेवर मधोमध रेघ मारावी, ती दोन्ही बाजूंनी मोजावी. पाते साधारण ०.९ मिमी असते. हॅक्सॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या, बारीक दात्याच्या पात्याने पडणारी खाच एक मिमीच्या आसपास येते, तेवढी नेमकी. नेहमीच्या करवतीचे दात बाहेर वाकवलेले असल्याने खाच रुंद पडते आणि पाते खडखडते. पाते खाचेत घालून त्याच्याच भोकांवरून खुणा घ्याव्यात. खाली फळकूट ठेवून भोक पाडले की मागची बाजू फुटत नाही. लाकडातले भोक बोल्टपेक्षा अर्धा मिमी मोठे ठेवावे.

मग अर्धगोल कानशीने पकड घासावी. ती काठीसारखी गोल नको, अंड्यासारखी लांबट हवी. पाते सरळ उभे आहे की कलले, हे हाताला तिच्यावरूनच कळते.

आता नक्षी. ती फक्त दोन्ही गालांवर, म्हणजे पाते बसते तिथल्या सपाट बाजूंवर; पकडीवर कधीच नाही. फिलाडेल्फियात १८४० मध्ये सुरू झालेल्या डिस्टन कंपनीच्या करवतींच्या मुठीवर गव्हाची ओंबी कोरलेली असे. आपल्याकडे ज्वारीचे कणीस किंवा कापसाचे बोंड का नको? कोरण्याआधी मूठ ओल्या फडक्याने पुसावी, उठलेली कुस वाळल्यावर २२० नंबरच्या काचकागदाने घासावी. कोरल्यानंतर काचकागद लावू नये, कडा बोथट होतात. ओंबीचा एक दाणा म्हणजे गोल पटाशीचे समोरासमोर दोन काप, खोली दीड मिमीपर्यंतच. दाण्याच्या एका कुशीला पटाशी सरळ चालते, दुसऱ्या कुशीला छिलपा उचकटते. तिथे हात फिरवून उलट दिशेने यावे. ज्वारीचे दाणे कोरत बसू नये. तीन इंची खिळ्याचे टोक घासून गोल करावे आणि हलक्या हातोडीने ठसे उठवावेत. ठसे उठवल्यावर पाणी लागू देऊ नये. दबलेले लाकूड फुगून दाणे पुसट होतात.

वर जवसाचे घाण्याचे तेल लावावे. पातळ हात द्यावा, पंधरा मिनिटांनी उरलेले पुसून घ्यावे, पुरते वाळल्यावरच दुसरा हात. घाईत जाड थर दिला तर मूठ महिनाभर चिकट राहते. तेलाची चिंधी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना तापते आणि अशी चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. भुशाच्या ढिगाशेजारी तर नकोच; दोरीवर मोकळी पसरून वाळवावी.

पावसाळ्यात बसवलेली मूठ मे महिन्यात, पारा ४५च्या पुढे गेला की आकसते आणि बोल्ट ढिले पडतात. पितळी नट तेव्हा अर्धा आटा आवळावेत, त्याहून जास्त नाही. जास्त आवळले तर पुढच्या पावसात लाकूड फुगले की गाल चिरतो.

आपले,
सुतारकाम करणारे काही वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा