सेल्फला पेचकस लावू नका

संपादक महोदय,

पेरणीच्या तोंडावर जुना डिझेल ट्रॅक्टर चावीला दाद देईनासा झाला, की गावोगाव एकच उपाय चालतो: खाली उभे राहून सेल्फच्या (इंजिन फिरवून चालू करणाऱ्या स्टार्टर मोटरच्या) टर्मिनलांना पेचकस टेकवायचा. यात चावी आणि सेफ्टी स्विच (गिअर न्यूट्रलला नसेल तर सेल्फ लागू न देणारा), दोन्ही बाजूला पडतात. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. त्यामुळे डिझेल तोडणारी स्टॉपची दांडी ओढलेली नसेल, तर चावी बंद असूनही ते चालू होते. गिअर पडलेला असेल, तर ट्रॅक्टर लगेच चालू लागतो आणि माणूस मागच्या चाकाच्या पुढ्यातच उभा असतो.

खरे तर दोष अर्ध्या तासात सापडतो. आधी न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा, स्टॉप ओढून ठेवा. चावी फिरवल्यावर नुसतीच ‘टक’ होत असेल, तर बॅटरी, अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिनाशी जोडणी) किंवा सोलेनॉइडचे (चावी फिरवल्यावर सेल्फला बॅटरी जोडून देणाऱ्या स्विचचे) जळके कॉन्टॅक्ट पाहा. चार्ज बॅटरी स्थिर असताना 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना 9.6च्या खाली गेली तर तिचाच दोष. बॅटरी ठीक असूनही सेल्फ जड फिरत असेल, तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून सेल्फ मारायला सांगा. 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंग खराब. सेल्फ 300 अँपिअर ओढत असेल, तर 0.01 ओहमचा गंजसुद्धा 3 व्होल्ट खातो. नव्याने रंगवून आणलेल्या ट्रॅक्टरला हे दुखणे फार, कारण अर्थची पट्टी रंगावरच आवळलेली असते. रंग खरवडा, पट्टी घट्ट करा, मग व्हॅसलिन लावा. नवी बॅटरी घेण्याआधी एवढे तरी कराच.

‘टक’ही होत नसेल, तर टेस्ट बल्बची एक वायर सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला आणि दुसरी इंजिनाला लावून चावी फिरवा. बल्ब पेटला तर सोलेनॉइड उघडा. नाही पेटला तर चावीच्या दिशेने मागे मागे तपासत जा. वाटेत बहुधा सेफ्टी स्विच अडलेला सापडतो. मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या जुन्या मॉडेलांत हाय-लो (जलद-संथ गिअरची) दांडी न्यूट्रलला नसली तरी सेल्फ लागत नाही, म्हणून आधी दांडी हलवून पाहा. स्विच गेला असेल तर बदला. त्याच्या दोन वायरी कायमच्या जोडून टाकणे हा पेचकसाचाच दुसरा अवतार.

सेल्फच्या टर्मिनलांवरची रबरी टोपी बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांवरून गायब झालेली असते. ती परत बसवा, म्हणजे पेचकस टेकवायला जागाच राहणार नाही.

— ट्रॅक्टर वायरिंगचे काम करणारा एक वाचक