दाभोळ बंदरावरच्या चाचांना

चाचा, सलाम.

तुम्ही माझं नाव विचारलं नव्हतंत, मीही सांगितलं नाही. पण जुलैत भर पावसात धोपाव्याहून फेरीबोटीने खताच्या पोत्यात इंजिन बांधून आलेली चिपळूणची मुलगी म्हटलं की तुम्हाला आठवेल. तुमचा मुलगा तुम्हाला हे वाचून दाखवेल अशी आशा आहे. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण त्या दिवशी तुमच्यापुढे माझ्या तोंडून धड 'थँक्यू'सुद्धा निघालं नाही. घसा दाटून आला होता.

गाडी बाबांची. यामाहाची आरएक्स 100 मोटारसायकल, 1992 ची. ही गाडी आपल्याकडे 1985 ला आली आणि 1996 ला बंद झाली. अठ्ठ्याण्णव सीसीचं एवढंसं टू-स्ट्रोक इंजिन, पण बाबांनी त्यावर गुहागरच्या शाळेपर्यंत किती वर्षं ये-जा केली. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आमच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढली, तेव्हा गाडी खाली पडवीत होती. पाणी ओसरल्यावर चिखलातून तिचं हँडल तेवढं वर दिसत होतं. त्या दिवसांत घर उपसायचं की गाडी बघायची? गाळाचं पाणी इंजिनात तसंच राहिलं. क्लच एरवी तेलात असतो, तिथे गंज चढायचं कारण नाही. आमच्या गाडीत चढला. बाबा तिच्याकडे बघायचे आणि काही न बोलता आत जायचे. म्हणून यंदा मीच पाने घेऊन बसले. हेड, सिलिंडर, मॅग्नेट सगळं माझ्या हाताने उतरवलं. क्लच सेंटरच्या, म्हणजे क्लचच्या प्लेटा ज्यावर बसतात त्या मधल्या भागाच्या, नटापाशी येऊन अडले. तो सुटल्याशिवाय इंजिनाचे दोन भाग वेगळे होत नाहीत, आणि ते झाल्याशिवाय क्रँकच्या बेअरिंगपर्यंत हात पोचत नाही.

तुमच्याकडे येण्याआधी दोन गॅरेजं झाली होती. तुम्ही त्याबद्दल एक वाईट शब्द काढला नाहीत, मी मात्र बोलणार आहे. पहिल्या माणसाने इंजिन जमिनीवर टाकलं, दात्यांमध्ये स्क्रूड्रायव्हर अडकवला आणि नटावर छिन्नी लावून हातोडा घातला. नट हलला नाही, त्याचे कोपरे मात्र गेले. दुसऱ्याने बघून न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "ग्राइंडरने कापू, अख्खा क्लच नवा घाला. नाहीतर खरं सांगू का साहेब, भंगारात द्या." साहेब म्हणजे बाबा. इंजिन मी उघडलं होतं, प्रश्न मी विचारत होते, उत्तरं मात्र बाबांना मिळत होती. भंगार हा शब्द ऐकून बाबांचा चेहरा कसा झाला ते मी विसरणार नाही. ज्याने तो उच्चारला त्याला पुढे कधी आठवणारही नाही, आणि राग मला त्याचाच जास्त येतो.

मग दापोलीचे मामा म्हणाले, दाभोळला ट्रॉलरची इंजिनं उघडणारा माणूस आहे, त्याच्याकडे जा. आयुष्यभर खाऱ्या पाण्यात गंजलेले नट सोडवलेत त्याने.

आले तेव्हा तुमचे दिवस कसले होते हे मला बंदरावर आल्यावर कळलं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, आणि याच दोन महिन्यांत सगळ्यांची इंजिनं तयार करून हवी असतात. तुमच्यापुढे तीन इंजिनं उघडी होती, दोन नाखवे डोक्यावर उभे. मी पोतं सोडलं तर कोणीही म्हणालं असतं, पोरी, नारळी पौर्णिमेनंतर ये. तुम्ही हात पुसलेत, उकिडवे बसलात आणि मला विचारलंत, "तू काय काय केलंस आत्तापर्यंत?"

मला विचारलंत, चाचा. मी सांगत गेले आणि तुम्ही मध्ये न बोलता ऐकलंत.

मग बॅटरी लावून तुम्ही नट नुसता बघत बसलात. पाच मिनिटं तरी बघितलाच असेल. आणि छिन्नीने चेंगरलेल्या लोखंडाखाली बोट नेऊन मला दाखवलंत: लॉक वॉशरचा कान अजून नटाच्या अंगावर दुमडलेलाच होता. नट आपोआप सुटू नये म्हणून तो कान असतो, आधी तो सरळ करायचा असतो. पहिल्या माणसाने तो पाहिलाच नव्हता. घाव घालून घालून त्याने तो आणखी आत दाबून टाकला होता.

आता मला जे सांगायचं आहे ते.

बिघडलेले कोपरे कानसीने घासल्याशिवाय पाना बसणार नव्हता. घासलं की कीस पडणार, आणि तो गिअरबॉक्समध्ये गेला तर पुढे बेअरिंग खाणार. तुम्ही आजूबाजूला फडकं शोधलंत. सगळी डिझेलने काळी. मग तुम्ही तुमचा डबा ओढलात, तांदळाच्या भाकऱ्या ज्या स्वच्छ पांढऱ्या फडक्यात बांधल्या होत्या ते सोडलंत, भाकऱ्या पेपरवर ठेवल्यात आणि ते फडकं क्लचच्या भोवती, फटीफटीत, बोटाने दाबून बसवलंत. पावसात वारा असा होता की पेपर उडत होता, म्हणून त्यावर पाना ठेवलात. मी म्हटलं, चाचा, हे कशाला. तुम्ही वर न बघता म्हणालात, "आत घाण जाता कामा नये."

बाकी सगळं त्यानंतरचं. माझ्या पिशवीतल्या जुन्या क्लच प्लेटांना लोखंडी पट्टी वेल्ड करून तुम्ही क्लच सेंटर धरायचं हत्यार बनवलंत, नट तापवलात, पाना ठोकून बसवलात, पाइप चढवलात. आणि पाइपाचं टोक माझ्या हातात दिलंत. खाट्‌कन आवाज आला तेव्हा मला वाटलं काहीतरी तुटलं. नट सुटला होता. आटे शाबूत होते. दोन्ही नाखव्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांची कामं खोळंबलेली असतानाही.

पैसे विचारले तर वेल्डिंगच्या रॉडचे म्हणून वीस रुपये घेतलेत. अजिबात घेतले नसते तर मला ओझं झालं असतं, हे तुम्हाला कळलं होतं.

पुरानंतर आमच्या घरातला चिखल काढायला कोण कुठली माणसं आली होती. फावडी घेऊन यायची, नाव न सांगता निघून जायची. तेव्हाही मला असंच झालं होतं. दुसऱ्याच्या गाळात हात घालणारी माणसं आपल्या किनाऱ्यावर अजून आहेत, आणि त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

गाडी गेल्या रविवारी चालू झाली. चौथ्या किकला. बाबा पडवीत होते. ते खाली आले, चोक बंद केला आणि एक्झॉस्टजवळ हात धरून उभे राहिले.

तुमचं फडकं मी घरी आणलं होतं. तीनदा सोड्यात उकळलं, डाग गेला नाही. नवं घेतलं आहे. नारळी पौर्णिमा झाली की बाबांना मागे बसवून फेरीबोटीने येते आणि देते. जुनं मी ठेवून घेतलं तर चालेल ना?

तुमची,
चिपळूणची पोरगी