गोळी कमी करायच्या आधी कुत्र्याचं रक्त तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोचीड तापावरची माहिती आपल्या पेपरात आली ती वाचली, उपयोगी होती, पण त्या तापाच्या पाठोपाठ कधी कधी जे मागे लागतं त्याबद्दल त्यात काहीच नव्हतं म्हणून लिहितेय. कुत्र्यांना आयएमएचए नावाचा आजार होतो, ऑटोइम्यून म्हणतात त्यातला, म्हणजे जंतूंशी लढायची जी शक्ती शरीरात असते तीच स्वतःच्या लाल पेशींवर उलटते आणि त्या फोडत सुटते. आपल्याकडे गोचिडीतून येणारे एर्लिकिया आणि बबेसिया हे जंतू त्याचं एक मोठं कारण, कधी एखादं औषध, कधी कॅन्सर, आणि बऱ्याच वेळा तर कारण सापडतच नाही. कॉकर स्पॅनिअलमध्ये जास्त दिसतो पण गावठी कुत्र्यालाही होतो. हाच हल्ला प्लेटलेटवर झाला तर पोटावर लाल-जांभळे ठिपके येतात, नाकातून हिरड्यांतून रक्त येतं, त्याला आयटीपी म्हणतात.

आमची मिनी कॉकरच आहे. खाणं सोडलं, जिना चढताना मध्येच बसायला लागली आणि लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली. ओठ वर करून बघितलं तर हिरड्या पांढऱ्याफटक. डॉक्टरांनी रक्त घेतलं, काचेच्या बारीक नळीत भरून मशीनमध्ये फिरवलं आणि ती नळी उजेडात धरून मला दाखवली. खाली लाल पेशी बसतात, त्यावर एक बारीक पांढरी रेघ, आणि वर पातळ पाणी. चांगल्या कुत्र्यात तो लाल भाग साधारण ३७ ते ५५ टक्के असतो, त्यालाच पीसीव्ही म्हणतात. मिनीचा १४ होता, आणि वरचं पाणी जवळपास बिनरंगी असायला हवं ते गडद पिवळं होतं. मग काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब आणि त्यात सलाइनचे थेंब घालून हलवलं तर रक्त पसरायच्या ऐवजी त्याचे दाणे दाणे झाले, कारण पेशी एकमेकींना चिकटत होत्या. मायक्रोस्कोपखाली पेशी छोट्या आणि गोल गरगरीत दिसल्या, नेहमीसारखी मध्ये फिकट जागा नाही. सगळं निदान त्या एका टेबलावर, फार महागडं काही न लागता झालं आणि गोचीड तापाची टेस्ट त्याच दिवशी पाठवली, कारण आत जंतू असतील तर त्याचं औषध सोबत चालूच पाहिजे, नुसतं स्टेरॉइड देऊन भागत नाही.

आता मुद्द्याचं. या आजारात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मुख्य औषध, सुरुवातीला दिवसाला किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम असा मोठा डोस असतो, जोडीला कधी अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट ही शरीराचा तो हल्ला दाबणारी औषधं, आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून क्लोपिडोग्रेलसारखं औषध, कारण पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात आणि पुष्कळ कुत्री रक्त कमी झाल्यापेक्षा फुप्फुसात गुठळी अडकून जातात. ते दिवस निघाले की कुत्रं एकदम छान दिसायला लागतं, शेपूट हलवतं, ताटाकडे धावतं (ती भूक बरीचशी स्टेरॉइडची असते), आणि तिथेच घात होतो. आमच्या ओळखीत एकापेक्षा जास्त कुत्री अशी गेली की कुत्रं बरं दिसतंय, स्टेरॉइड वाईट असतं, पाणी किती पितंय, घरभर शू करतंय, म्हणून घरच्यांनी गोळी बंद करून टाकली आणि काही दिवसांत हिरड्या परत पांढऱ्या. एक तर ही गोळी अचानक बंद केली तर शरीर स्वतःचं स्टेरॉइड लगेच बनवू शकत नाही, ते वेगळंच संकट, आणि दुसरं म्हणजे आजार आत शांत झालाय का हे तोंडावरून कळतच नाही, ते रक्तातच कळतं. साधारण पद्धत अशी आहे की पीसीव्ही ३० च्या वर जाऊन दोन आठवडे तिथे टिकला की मग डोस पाव भागाने कमी करायचा, पुढे दर तीनेक आठवड्यांनी परत रक्त तपासायचं, आकडा टिकला असेल तरच पुढची कपात. असे सगळे मिळून चार ते आठ महिने जातात. लांबण वाटते पण त्याला दुसरा उपाय नाहीये.

मी एक साधी वही ठेवलीये. तारीख, वजन, गोळ्या किती, पीसीव्ही, रेटिक, प्लेटलेट, प्लाझ्माचा म्हणजे नळीतल्या वरच्या पाण्याचा रंग, आणि शेवटच्या रकान्यात हिरड्या कशा दिसतात ते. रेटिक म्हणजे नवीन तयार झालेल्या कोवळ्या लाल पेशी, अस्थिमज्जा कामाला लागली की त्या वाढतात, पण त्याला तीन ते पाच दिवस लागतात त्यामुळे पहिल्या रिपोर्टात कमी दिसल्या तर लगेच धीर सोडू नका. एकट्या आकड्याला अर्थ नसतो, मागच्या ओळींशेजारी ठेवला की कळतं कुठे चाललंय. लिव्हरच्या रिपोर्टात एएलपी खूप वाढलेलं दिसेल, कुत्र्यांत ते स्टेरॉइडनेच वाढतं, घाबरून औषध बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. अझाथायोप्रिन चालू असेल तर मात्र लिव्हरचं एएलटी आणि पांढऱ्या पेशी दोन्हीवर बारीक लक्ष पाहिजे. आणि स्टेरॉइड चालू असताना लंगडतंय म्हणून घरातली दुखण्याची गोळी अजिबात देऊ नका, पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होतो.

आमच्याकडे खरी अडचण लॅबची आहे. साताऱ्यात माणसांच्या लॅब गल्लोगल्ली आहेत, तिथे कुत्र्याचं रक्त घेतातही, पण रिपोर्टवर नॉर्मल रेंज माणसाची छापलेली येते. एकदा मिनीच्या रिपोर्टात पीसीव्ही माणसाच्या हिशोबाने तपासून आला आणि प्लेटलेट ४० हजार, म्हणजे अक्षरशः धडकी भरवणारा आकडा, पण डॉक्टरांनी स्लाइड बघितली तर प्लेटलेटचे घोस झालेले, मशीनने ते मोजलेच नव्हते, प्रत्यक्षात भरपूर होत्या. लाल पेशी चिकटल्या असतील तर मशीन त्याही चुकवतं. म्हणून जांभळ्या बुचाच्या ट्यूबमधलं रक्त दिलं की स्लाइडही बघाच म्हणून सांगावं लागतं, आणि शक्यतो प्रत्येक वेळी तीच लॅब. जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण माण-खटावच्या माणसाने दर तीन आठवड्यांनी कुत्रं घेऊन तिथवर किंवा पुण्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं, मग तपासणीच बुडते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ती नळी फिरवायचं छोटं मशीन, एक चांगला मायक्रोस्कोप आणि स्लाइड वाचणारा माणूस एवढं असलं तरी या आजाराची निम्मी देखरेख गावातच होईल. गोठ्यातल्या जनावरांना गोचिडीतून होणाऱ्या बबेसिया-थायलेरियालाही तेच सामान लागतं, त्यामुळे कुत्र्यांसाठी कशाला खर्च असं कोणी म्हणू नये.

शेजारीपाजारी प्रेमाने सांगतात बीट द्या, डाळिंब द्या, पपईच्या पानांचा रस पाजा, लोहाचं सिरप आणा. त्यांच्या मनात चांगलंच असतं. पण इथे रक्त बनत नाही हा प्रश्नच नाहीये, बनलेलं फुटतंय, आणि फुटलेल्या पेशींतलं लोह बहुतेक शरीरातच राहतं. कांदा-लसूण घातलेली आमटी, रस्सा मात्र पूर्ण बंद, त्याने कुत्र्याच्या लाल पेशी खरोखर फुटतात.

शेवटची गोष्ट रक्ताची. मिनीला रक्त चढवावं लागलं तेव्हा एका ओळखीच्यांचा लॅब्रेडॉर धावून आला, नाहीतर काय झालं असतं माहीत नाही. २०२५ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने प्राण्यांचं रक्तसंक्रमण आणि रक्तपेढ्या यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्या जिल्ह्यापर्यंत कधी पोचतील ते बघू, पण तोवर जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने निदान दात्या कुत्र्यांची एक यादी तरी करावी ही माझी कळकळीची विनंती आहे. २५ किलोच्या वरचं, तरुण, लसी झालेलं, गोचीड तापाच्या टेस्टमध्ये निगेटिव्ह आलेलं शांत कुत्रं रक्त देऊ शकतं. कुत्र्यांत डीईए १ पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह असे गट असतात, पहिल्यांदा चढवताना बहुतेक वेळा निभावतं, दुसऱ्यांदा मात्र क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का ते तपासल्याशिवाय चढवू नये. ज्यांच्या घरी असं मोठं धडधाकट कुत्रं आहे त्यांनी पुढच्या लसीला जाल तेव्हा त्याचा गट तपासून घ्या आणि तुमचा फोन नंबर तुमच्या डॉक्टरांकडे लिहून ठेवा.

आपली,
एक वाचक, सातारा