पाणी कुठून आलं, एवढं तरी विचारा : कामगार मंत्र्यांना नागपूरहून खुलं पत्र

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना
सादर नमस्कार.

साहेब, मागणी आधीच सांगून टाकतो. जिथे जिथे धातू वितळवायची भट्टी आहे तिथे भंगार ठेवायला पक्कं छप्पर नसेल तर पावसाळ्यात ती भट्टी चालू द्यायची नाही. आणि भट्टीवर स्फोट झाला की तुमच्या खात्याच्या चौकशीत पहिला प्रश्न हा असला पाहिजे की पाणी कुठून आलं. बाकीचं सगळं पत्र हे दोन मुद्दे का मांडतोय ते समजावं म्हणून.

मी नागपूरचाच. उभी नोकरी हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत इंडक्शन फर्नेसवर, म्हणजे विजेवर धातू वितळवायच्या भट्टीवर गेली, मेल्टिंगमध्ये, आता रिटायर आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं की आमच्या कामात खरी भीती उष्णतेची. ती आहेच, समोर १६०० डिग्रीच्या आसपासचं वितळलेलं स्टील आणि वरून नागपूरचा मे महिना. पण भट्टीवरच्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, तो उष्णतेपेक्षा ओलाव्याला जास्त भितो.

एक लिटर पाण्याची वाफ झाली की तिला साधारण १७०० लिटर जागा लागते. म्हणजे अर्धा पेला, १०० मिलि पाणी धरलं तरी १७० लिटर वाफ. आणि हे सगळं वितळलेल्या लोखंडात डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. आता हेच पाणी मेटलच्या, म्हणजे वितळलेल्या धातूच्या वर पडलं तर गोष्ट वेगळी आणि खाली अडकलं तर वेगळी. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब लगेच न उडता कसा नाचत फिरतो, कारण त्याच्या खाली वाफेचा पातळ पडदा तयार होतो, तसंच मेटलवर चार थेंब पडले तर पुष्कळदा नुसते चरचरून उडून जातात. तिथेच माणूस फसतो. त्याला वाटतं थोडंसं पाणी चालते, काल पडलं होतं तेव्हा काय झालं. पण तेच पाणी मेटलच्या पोटात गेलं की वाफेला निघायला रस्ता नाही, मग ती डोक्यावरचं सगळं मेटल घेऊन वर येते. त्यात धक्क्याने वाफेचा तो पडदा फाटला तर मेटलचे बारीक बारीक कण होतात, प्रत्येक कणाला पाणी थेट भिडतं आणि सगळी उष्णता एका झटक्यात पाण्यात उतरते. तो खरा स्फोट. बारूद नाही, गॅस नाही, तरी शेडचे पत्रे उडतात.

हे माझ्या एकट्याचं म्हणणं नाही. इंग्लंडमध्ये स्कन्थॉर्प नावाच्या गावात स्टीलचा मोठा कारखाना आहे, तिथे ४ नोव्हेंबर १९७५ ला ब्लास्ट फर्नेसच्या (खनिजापासून लोखंड काढायच्या मोठ्या भट्टीच्या) कूलिंगमधून गळालेलं पाणी वितळलेल्या लोखंडाने भरलेल्या टॉर्पेडो लॅडलमध्ये (रुळावरून वितळलेलं लोखंड नेणाऱ्या लांबट भांड्यात) गेलं. पाणी वर होतं तोवर नुसती वाफ निघत होती. तो लॅडल इंजिनाने हलवायला घेतला, मेटल हिंदकळलं, पाणी खाली दबलं आणि ११ माणसं गेली. दुसरा अपघात वेल्समधल्या पोर्ट टॅलबटचा, ८ नोव्हेंबर २००१. तिथेही भट्टीच्या आत पाणी आणि तापलेला माल एकत्र आले, आणि मालासकट ५००० टनांच्या आसपास वजनाची अख्खी भट्टी जागेवरून पाऊण मीटर उचलली गेली. तीन कामगार मेले. मी हे उदाहरण मुद्दाम देतोय कारण तिथल्या सरकारी सुरक्षा खात्याने चौकशीचा पूर्ण अहवाल सगळ्यांसाठी खुला केला, पाणी कुठून आलं, आधी काय काय बिघडलं होतं, कुठले निर्णय चुकले, सगळं त्यात आहे, नागपुरात बसलेला माणूससुद्धा वाचू शकतो.

आपल्याकडे काय होतं ते सांगतो. माझ्या नोकरीच्या काळात एका युनिटमध्ये, नाव लिहीत नाही, जुलैच्या रात्रपाळीत भट्टी उसळली. आदल्या दिवशी दुपारी झड लागली होती, भंगार उघड्यावर, ताडपत्री अर्धीच. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "थोडंसं ओलं हाय, टाकून दे, काई होत नाही." एक दाबलेलं बंडल गेलं आत, वरून सुकलेलं दिसत होतं, घडीत पाणी होतं. मेटल पार छतापर्यंत गेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्यांना पडलेल्या भोकांतून ऊन खाली येत होतं. दोन पोट्टे भाजले, त्यातला एक छत्तीसगडचा, जेमतेम विशीतला, अंगात पॉलिएस्टरचा टी-शर्ट, तो वितळून पाठीला चिकटला होता. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. पेपरमध्ये चार ओळी आल्या, भट्टीत स्फोट, कारण अस्पष्ट. अरे कारण अस्पष्ट कसं, अख्ख्या शिफ्टला कारण माहीत होतं! पण कोणी विचारलंच नाही. युनिट आठवड्यात सुरू झालं आणि भंगार त्याच जागी, तसंच उघड्यावर.

म्हणून छप्पर, साहेब. भट्टीवर येणारं भंगार म्हणजे काय असतं हे एकदा जवळून बघायला पाहिजे. गाडीचे शॉकअप असतात, दोन्ही बाजूंनी बंद, आत तेल. दोन्ही तोंडं चेपलेला पाईपचा तुकडा असतो, आत गेल्या पावसाचं पाणी, बाहेरून कोरडाठाक. रंगाचे झाकणबंद डबे, फ्रिजचे कॉम्प्रेसर, जुने सिलेंडर. गंजाचा जाड थर स्वतःच पाणी धरून ठेवतो, हात लावला तर कळत पण नाही. हे सगळं ट्रकमधून उघड्यावर येतं, यार्डात उघड्यावर पडतं आणि तिथून सरळ चार्जिंग प्लॅटफॉर्मवर, म्हणजे भट्टीत माल टाकायच्या ओट्यावर. चार्जिंगवाला वर उभा राहून ढकलतो, खाली मेटल खदखदतंय, त्याच्यात आणि मेटलमध्ये एका हाताचं अंतर. बंद वस्तू कापून किंवा भोक पाडून घ्यायची, भंगार छताखाली कोरडं ठेवायचं आणि टाकायच्या आधी गरम करून घ्यायचं, एवढंच करायचं असतं. प्रीहीटिंगला खर्च आहे हे मान्य, पण छप्पर आणि एक गॅस कटर कुठल्या मालकाला परवडत नाही हे मला कोणी सांगावं.

आणि हा फक्त पावसाळ्याचा प्रश्न आहे असं समजू नका. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे दव पडतं, उघड्यावरचं थंडगार लोखंड सकाळच्या पहिल्या हीटला (वितळवायच्या खेपेला) ओलंच असतं. सॅम्पल घ्यायचा चमचा, स्लॅग (मेटलवर तरंगणारी मळी) काढायची सळई, लॅडलचं नवीन अस्तर, साच्याची वाळू, यातलं काहीही ओलसर असलं तरी तेच होणार. जुने मेल्टर चमचा मेटलमध्ये बुडवायच्या आधी भट्टीच्या काठावर धरून ठेवतात, पार धग लागेपर्यंत. नवीन पोरगा हे बघून शिकला तर शिकला. ट्रेनिंग म्हणून त्याला कोणी बसवून सांगत नाही, कारण तो ठेकेदाराचा, आज इथे उद्या तिकडे, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्डसुद्धा कधी कधी नसतं.

अजून एक जागा आहे जी तपासणीत सहसा कोणी बघत नाही. इंडक्शन भट्टीची कॉईल म्हणजे तांब्याची पोकळ नळी, आतून सतत पाणी फिरतं, नाहीतर ती स्वतःच वितळेल. म्हणजे वितळलेलं मेटल आणि हे पाणी यांच्यामध्ये फक्त लायनिंगची, म्हणजे भट्टीच्या आतल्या अस्तराची भिंत, काही इंचांची. प्रत्येक हीटला ती झिजते. मेटल कॉईलकडे सरकायला लागलं की लीकेज डिटेक्टर वाजतो, भट्टी आपोआप बंद पडते. पण प्रॉडक्शनच्या घाईत हा डिटेक्टर बायपास करून चालवणारे लोक मी बघितलेत, दोन हीट अजून निघतील म्हणून. तसंच भट्टीखालचा पिट. लायनिंग फुटलंच तर सगळं मेटल सुरक्षित उतरावं म्हणून तो असतो, कोरडा आणि रिकामा असायला हवा. आपल्याकडे ऑगस्टमध्ये त्यात झिरपलेलं पाणी साचतं, मोटर लावून काढतात आणि मोटर बंद पडली तर राहू देतात. म्हणजे जीव वाचवायला केलेला खड्डाच पाण्याने भरलेला. साध्या काँक्रीटवर मेटल सांडलं तरी काँक्रीटमधल्या ओलाव्याने ते तडतडून फुटतं, म्हणून भट्टीसमोर कोरडी वाळू नाहीतर फायर ब्रिकची जमीन लागते.

अ‍ॅल्युमिनियमवाल्यांचं तर अजूनच वेगळं. गल्लीतल्या छोट्या शेडमध्ये भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम वितळवून पाट्या (लगडी) ओतणारे खूप आहेत. ते ६६० डिग्रीला वितळतं आणि दिवसाउजेडी लालभडक दिसत पण नाही, चांदीसारखं शांत दिसतं, म्हणून धाक वाटत नाही. पण पाण्याशी त्याची नुसती वाफ होण्यापुरती गाठ नसते, ते पाण्यातला ऑक्सिजन खेचून घेतं आणि हायड्रोजन सोडतं. एक किलो अ‍ॅल्युमिनियमची पूर्ण प्रक्रिया झाली तर सव्वा घनमीटरच्या आसपास हायड्रोजन निघतो, उष्णता निघते ती वेगळी. अमेरिकेत १९५० च्या दशकात यावर मुद्दाम प्रयोग केले गेले, वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम पाण्याच्या टाकीत ओतून बघितलं, तेव्हा दिसलं की टाकीचा तळ गंजलेला किंवा चुना लावलेला असेल तर स्फोट होतो आणि तळाला ठराविक रंग किंवा ग्रीस असेल तर होत नाही. म्हणजे हे सगळं जगाला कधीपासून माहीत आहे. आपल्या शेडमधल्या पोराला माहीत नाही, तो अजूनही गरम पाटी लवकर थंड व्हावी म्हणून बादली घेऊन धावतो.

आता कायद्याचं. १९४८ च्या कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांची जी यादी होती त्यात फाउंड्री, म्हणजे धातूचं ओतकाम होतं, लोखंडाची पण आणि बाकी धातूंची पण. त्या मूळ कायद्यात वीज वापरणारा कारखाना १० कामगारांपासून मोजला जायचा. त्याच्या जागी आणलेल्या २०२० च्या नवीन कामगार सुरक्षा संहितेत तो आकडा २० झाला. मोठ्या प्लांटला याने काही फरक पडत नाही, पण मी वर सांगितलेली अ‍ॅल्युमिनियमची शेड, बारा माणसांची, ती कोणाच्या तपासणीत येणार? म्हणून माझं म्हणणं आहे की धातू वितळवणाऱ्या प्रत्येक जागेसाठी, कामगार चार असोत की चारशे, राज्याने हेच नियम सक्तीचे करावेत. त्यासाठी वेगळी अधिसूचना लागत असेल तर काढावी, ते तुमच्या हातात आहे, केंद्राशी बोलायचं असेल तर तेही तुम्हीच बोलू शकता.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयातल्या अधिकाऱ्यांवर माझा राग नाही. माणसं कमी आहेत, जिल्हे मोठे आहेत. पण निदान मे महिन्यात, पावसाच्या आधी, भट्टीवाल्या युनिटचीच एक वेगळी फेरी होऊ शकते. भंगारावर छप्पर आहे का, पिट कोरडा आहे का, डिटेक्टर चालू आहे का, चार्जिंगवाल्याच्या अंगात सुती कपडे आणि तोंडावर शील्ड आहे का. एका युनिटला अर्धा तास पुष्कळ झाला. मालक म्हणतील की नागपूरच्या उन्हात अ‍ॅल्युमिनाइज्ड (उष्णता परतवणारा चकचकीत) कोट कोणी घालत नाही, पोरं बनियान आणि दुपट्ट्यावर काम करतात. खरं आहे, म्हणूनच पंखे लावा, पाळ्या छोट्या करा, दर थोड्या वेळाने माणूस बदला, पण कोट काढू देऊ नका.

फायर ब्रिगेडचंही सांगायचं होतं. भट्टीवर आग लागली की फोन जातो, गाडी येते आणि पाईप सुरू होतो. वितळलेल्या मेटलवर पाणी मारायचं नसतं, कोरडी वाळू टाकायची असते, हे एमआयडीसीतल्या आणि महापालिकेच्या दोन्ही जवानांना भट्टीपाशी नेऊन दाखवायला हवं. ती पोरं जीव वाचवायला येतात, त्यांचाच जीव जायला नको.

आणि अपघाताची खबर खात्याकडे जातेच, तो कागद असतोच. त्यात एक रकाना वाढवा, पाणी किंवा ओलावा कुठून आला. भंगारातून, कॉईलमधून, पिटमधून, छतातून, हत्यारातून, साच्यातून. चौकशी झाली की अहवाल नाव-गाव झाकून का होईना पण मराठीत आणि हिंदीत वेबसाईटवर टाका, म्हणजे बुटीबोरीत जे घडलं ते कळमेश्वरच्या आणि जालन्याच्या मेल्टरला वाचता येईल.

डिसेंबरात अधिवेशनासाठी तुम्ही नागपूरला येताच. विधानभवनातून हिंगणा एमआयडीसी काही लांब नाही. एखाद्या सकाळी, आधी न कळवता, पहिल्या हीटच्या वेळी चला. दव पडलेलं भंगार कुठे पडलेलं असतं आणि ते कसं आत जातं ते तुम्ही स्वतः उभं राहून बघा. मी सोबत येतो, कुठे काय बघायचं ते दाखवतो. पण छपराचा आदेश त्या फेरीसाठी थांबवू नका, तो पुढच्या पावसाच्या आत निघायला हवा.

आपला,
हिंगणा रोड, नागपूर येथील एक निवृत्त मेल्टिंग सुपरवायझर